घर कोणाचे, कारखाना कोणाचा

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने 2019 मध्ये आपले सोलापूरचे नेते नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तर यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. सोलापूरच्या सभेत त्यांनी पंतप्रधान मोदींचे कौतुक केले, हा ठपका. सभा 9 जानेवारीची. निमित्त सोलापूरजवळच्या कुंभारीत व्हायच्या 30,000 घरांच्या पायाभरणीचे. ठपका घरांबद्दल नव्हता. पंतप्रधान आवास योजनेचे पैसे घेतले म्हणूनही नव्हता. नडले ते कौतुक.

पाच वर्षांनी, 19 जानेवारी 2024 रोजी, मोदी पुन्हा सोलापुरात आले. अयोध्येतल्या राम मंदिराचा सोहळा तीन दिवसांवर होता. कुंभारीच्या त्याच प्रकल्पातल्या, म्हणजे रे नगरमधल्या, 15,000 घरांचे त्यांनी लोकार्पण केले. रे नगर उभारणाऱ्या संस्थेचे संस्थापक म्हणून आडम मास्तरही उपस्थित होते. घरे बिडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची, कचरा वेचणाऱ्यांची, फेरीवाल्यांची. एक बाजू म्हणाली, ही आमची योजना. दुसरी म्हणाली, हा आमचा लढा. दोन्ही खरे आहे. योजना नसती तर पैसा आला नसता. लाल बावट्याचे मोर्चे नसते तर तो कुंभारीपर्यंत पोचला नसता.

कुंभारीला हे नवे नाही. तिथेच कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत आहे, बिडी कामगार बायकांची, 10,000 घरांची. 2006 मध्ये तिच्या सोहळ्याला मनमोहन सिंग आले होते. 1991 चे उदारीकरण ज्यांच्या नावावर जमा आहे, तेच. तेव्हा डावे त्यांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते. त्या सोहळ्यावरून कोणाला निलंबित केल्याचे ऐकिवात नाही. पक्ष म्हणेल, 2019 मधला आमचा आक्षेप जातीयवादाला होता, अर्थनीतीला नव्हे. म्हणावे. पण मग कारवाईचा साम्यवादाशी आणि भांडवलशाहीशी काही संबंध नव्हता, हेही त्याबरोबर कबूल झाले.

समोरच्यांचे, म्हणजे भाजपचे, गणित याहून सरळ नाही. समाजवादाने देशाची चाळीस वर्षे वाया घालवली, हे त्यांचे आवडते वाक्य. फुकट वाटपाला रेवडी म्हणण्याची रीतही त्यांचीच. रे नगरच्या घरामागे मात्र केंद्राचे दीड लाखाचे आणि राज्याचे एक लाखाचे अनुदान आहे. त्याला रेवडी म्हणायचे नसते. बाजार आपोआप सगळे भागवतो, तर बिडी वळणाऱ्या बाईला परवडेल असे घर त्याने सोलापुरात आजवर का बांधले नाही, हा प्रश्नही विचारायचा नसतो.

साम्यवाद चालतो की भांडवलशाही, हा वाद आपल्याकडे कधी थांबत नाही. त्याच्या चालीही ठरलेल्या आहेत. एकाने 1932-33 चा युक्रेनचा दुष्काळ काढला की दुसरा 1943 चा बंगालचा काढतो. एकाने सोव्हिएत दुकानांपुढच्या रांगा दाखवल्या की दुसरा 2008 मध्ये सरकारी पैशाने वाचवलेल्या अमेरिकी बँका दाखवतो. आपली बाजू ग्रंथातून मांडायची, समोरच्याची इतिहासातून. त्यामुळे निकाल लागत नाही, आणि कोणाला तो लागायला नकोही असतो.

प्रत्यक्षात काय चालते हे खरेच पाहायचे असेल, तर कुंभारीच्या एका घरात शिरावे.

दाराशी उजेड असतो म्हणून बाई तिथेच बसते. मांडीवर सूप. सुपात रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री. पान पत्र्याच्या साच्याबरहुकूम कापायचे, चिमूट तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर ठरलेली. माल जमा करताना खराब बिड्या छाटल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. पान कमी पडले तर पदरचे घालायचे. तंबाखूची धूळ चुलीजवळ, अंथरुणावर, पोरांच्या दप्तरावर. पान आणि तंबाखू कंपनीची, जागा बाईची. वीज बाईची, पाणीही बाईचे.

आता 1966 चा बिडी आणि सिगार कामगार कायदा उघडावा. घरी बसून बिड्या वळणारीलाही त्याने कामगार मानले. मालकांनी कायद्याला आव्हान दिले, 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हा मोठाच विजय होता. पण औद्योगिक जागेची व्याख्या करताना त्याच कायद्याने खासगी राहते घर वगळले. कामाच्या जागेला परवाना हवा, हवा-उजेड हवा, गर्दी नको, संडास हवा, पाळणाघर हवे, असे सगळे नियम औद्योगिक जागेला होते. राहत्या घराला नव्हते. म्हणजे घरात बसलेली बाई कामगार, आणि ती बसली आहे ती जागा कारखाना नव्हे.

त्या एका वगळण्यात सगळा व्यवहार आहे. कारखाना काढायचा तर मालकाला जागा घ्यावी लागते, छप्पर घालावे लागते, भाडे किंवा व्याज भरावे लागते. बिडीच्या धंद्याने हा खर्च फार पूर्वीच कामगाराच्या झोपडीवर ढकलला. आता झोपडीच्या जागी पक्के घर आले. चांगलेच झाले. गळक्या पत्र्याखाली पाने भिजवण्यापेक्षा स्लॅबखाली भिजवलेली बरी. पण हिशोब तर मांडला पाहिजे. स्लॅबसाठी अडीच लाख सरकारी तिजोरीतून आले. उरलेले बाईने भरले, बऱ्याच घरी कर्ज काढून. घर बाईच्या किंवा जोडप्याच्या नावावर, ही योजनेचीच अट. सातत्याने मोर्चे काढून घर मिळवून दिले कम्युनिस्टांनी. आणि त्या घरात माल तयार होतो तो बिडी कंपनीचा. जागेपोटी कंपनीने किती भरले? काही नाही. तिला कोणी मागितलेही नाही.

भांडवलशाहीचा पहिला धडा असा की, धंद्याचा खर्च धंद्याने उचलावा, जोखीम घेणाऱ्याने नफा घ्यावा. इथे खर्च बाईचा आणि करदात्याचा. जोखीमही बाईचीच, कारण छाट तिच्या मजुरीतून जाते. नफा तेवढा कंपनीचा. याला मुक्त बाजार म्हणणाऱ्याने आपलाच ग्रंथ पुन्हा वाचावा.

साम्यवादाचा पहिला धडा असा की, घरापेक्षा उत्पादनाची साधने कोणाच्या हाती आहेत ते आधी पाहावे. कुंभारीत कामगाराच्या हाती आलेले साधन म्हणजे एक खासगी घर. धंदा होता तिथेच राहिला. केरळात डाव्यांनी हा प्रश्न एकदा धंद्याच्या अंगाने सोडवून पाहिला होता. 1966 चा कायदा अमलात आणायची वेळ आली तेव्हा कन्नूर भागात बिडीचे कारखाने बंद झाले, हजारो कामगार रस्त्यावर आले. 1969 मध्ये त्यांच्यासाठी दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी राहिली. कामगारच मालक झाले, काम संस्थेच्या शेडमध्ये चालू लागले. बिडीचा खप उतरू लागला तेव्हा ती संस्था छत्र्या आणि मसालेही विकू लागली, बाजारात उतरून. ते प्रकरण निर्दोष नव्हते. पण त्यात प्रश्न तरी योग्य विचारला गेला होता. सोलापुरात लाल बावट्याने घराचा प्रश्न सोडवला आणि कारखान्याचा तसाच ठेवला.

यावर दोन्हीकडून एकच उत्तर येते, शब्द तेवढे वेगळे. एक म्हणतो, रोजगार तरी मिळाला. दुसरा म्हणतो, घर तरी मिळाले. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही तोकडी आहेत. गिरण्या बंद पडलेल्या शहरात बाईच्या हाताला काम हवे, हे कोण नाकारील? आयुष्यभर झोपडीत काढलेल्या बाईच्या नावावर घर झाले, ही लहान गोष्ट नाही. आडम मास्तरांचे ते श्रेय कोणत्याही ठरावाने पुसले जाणार नाही. पण घर मिळाले म्हणून हजारी मजुरीचा प्रश्न सुटत नाही. सरकारने जाहीर केलेले किमान वेतन हातात पडावे म्हणून सोलापुरात मोर्चे निघत आले आहेत. पंतप्रधान आले ते किल्ल्या द्यायला. मजुरीसाठी अजून कोणत्याही पक्षाचा पंतप्रधान सोलापूरला आलेला नाही.

हाही योगायोग नव्हे. घराचा खर्च सरकारी तिजोरी उचलते, तो कोणाच्या खिशातून गेल्यासारखा दिसत नाही. त्याच्या सोहळ्याला सगळे एका व्यासपीठावर बसू शकतात. मजुरी वाढवायची तर ती कोणाच्या तरी नफ्यातून वाढवावी लागते. तिथे व्यासपीठ फुटते. विचारसरणीची खरी परीक्षा तिथेच आहे, आणि नेमकी तीच जागा दोन्ही बाजू टाळतात. 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर बसवून कामगारांच्या दवाखान्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, घरांसाठी कल्याण निधी उभा केला होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. धंद्याने स्वतःच्या कामगारासाठी भरायचा एक हक्काचा पैसा कमी झाला. त्यावर देशभर वाद झाल्याचे आठवते का? आडम यांनी मोदींचे कौतुक केले, त्यावर मात्र झाला.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी भांडवलशाही चालते म्हणाला, तर त्याला विचारावे, शेडचे भाडे कोण भरतो. कोणी साम्यवाद चालतो म्हणाला, तर त्याला विचारावे, हजारी मजुरी कोण ठरवतो. उत्तर आले तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. न आले तर तो वाद अर्थव्यवस्थेचा नाही, मानपानाचा आहे. मानपानात दोन्ही विचारसरणी उत्तम चालतात.