भोक पाडण्याआधी काच पारखा



घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ येथील एका वाचक बंधूंचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचा मुलगा बारावीनंतर घरीच आहे. हाताने कुशल आहे. माशांच्या काचपेट्या, ज्यांना सगळे फिश टँक म्हणतात, त्या बनवून विकण्याचा त्याचा विचार आहे. जालन्याच्या भंगारातून त्याने दुकानाच्या दरवाजाची एक जाड काच आणि टीपॉयच्या दोन काचा स्वस्तात आणल्या आहेत. पेटीच्या मागच्या बाजूला भोक पाडून नळी बसवायची आहे. 'काचेला भोक पडते का, आणि पाडताना काय जपावे?' असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर दोन शब्दांत देता येणार नाही. साध्या काचेला भोक पडते. टफन काचेला मात्र ते पडत नाही, कितीही कुशल कारागीर असला तरी पडत नाही. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी समोरची काच कोणत्या जातीची आहे हे ओळखणे, हेच यातले खरे काम आहे. दुकानाचे दरवाजे आणि टीपॉयच्या काचा पुष्कळदा टफन असतात. त्यामुळे या मुलाने तर दुप्पट सावध राहायला हवे.

आधी भोक कशासाठी, ते पाहू. मोठ्या पेटीतले पाणी गाळून परत आत सोडायचे असेल तर खाली दुसरी टाकी ठेवतात. खालचा पंप पाणी वर चढवतो आणि वरचे जादा पाणी भोकातून खाली उतरते. काहीजण भोकाऐवजी काठावरून वाकडी नळी टाकून सायफनने पाणी उतरवतात. पण आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वीज गेली आणि सायफनमध्ये हवा शिरली, तर वीज आल्यावर पंप सुरू होतो, पण सायफन सुरू होत नाही. मग पाणी काठावरून थेट जमिनीवर येते. भोकाला ही भीती नाही. पाणी भोकाच्या पातळीवर आले की आपोआप उतरते. शिवाय पाणी गाळून पुन्हा वापरले की ते कमी लागते. 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालना जिल्ह्याला पाण्याचे मोल आम्ही सांगायला नको.

आता टफन काच म्हणजे काय? आपल्या वडीलधाऱ्यांना कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवत असेल. 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा हा कंदील घरोघर होता. पेटत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच तडकायची. थेंब पडला तेवढा भाग चटकन आकसायचा, शेजारचा भाग तसाच फुगलेला राहायचा, आणि दोघांच्या ओढाताणीत काच जायची.

टफन काच याच ओढाताणीतून मुद्दाम घडवतात. तयार काच 620 अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून निवतो आणि आकसताना बाहेरच्या थराला आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे वरचा थर कायमचा दाबलेला आणि आतला भाग कायमचा ताणलेला राहतो. दाबलेल्या थरात चीर सहज पडत नाही, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते. पण हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांशच असतो. ड्रिलचे टोक तो ओलांडून ताणलेल्या भागात पोचले की क्षणात सगळी काच हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत फुटते. नुसता तडा जाऊन ती थांबत नाही.

ही गंमत जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की शेपटीचा एक मणी तयार होतो. 1660 च्या सुमारास राजपुत्र रूपर्टने असे मणी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखवले होते. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. शेपटी मोडली की मात्र सगळ्याचा चुरा होतो. पुढे 1874 मध्ये फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून टणक करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज तेलाची जागा हवेने घेतली आहे, तत्त्व तेच आहे.

म्हणून टफन काचेचा नियम असा, की कापणे, घासणे, भोक पाडणे हे सारे भट्टीत जाण्याआधी. नंतर काहीही नाही. आपल्या मुलाने दुकानाच्या दरवाजाची काच मापात कापायला घेतली, तर भोकापर्यंत मजल जायच्या आधीच ती फुटेल.

काच ओळखायची कशी? कोपऱ्यावर छाप आहे का ते पहिल्यांदा पाहावे. सुरक्षा काचेवर पुष्कळदा कंपनीचे नाव आणि 'आयएस 2553' असा मानकाचा आकडा कोरलेला असतो. छाप असला तर प्रश्न मिटला. छाप नसला म्हणून मात्र काच साधी ठरत नाही. वाजवून, वजन करून किंवा खिळ्याने ओरखडून पाहण्यावरही विसंबू नये. गुळगुळीत घासलेली कड दोन्ही जातींत सापडते. दुकानदाराच्या तोंडी हमीवरही भिस्त नको.

भरवशाची परीक्षा उजेडाची आहे. त्यासाठी पोलराइज्ड गॉगल आणि संगणकाचा पडदा हवा.

एक, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवावा. एका ठिकाणी पडदा काळाकुट्ट दिसला, तर गॉगल आणि पडदा दोन्ही कामाचे आहेत. पडदा काळा होतच नसेल तर दुसरा पडदा किंवा दुसरा गॉगल घ्यावा.

दोन, पडदा काळा दिसतो त्या स्थितीत गॉगल धरून, पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये काच आणावी आणि थोडी फिरवून पाहावी. काच साधी असेल तर पडदा काळाच राहील. टफन असेल तर काचेत, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांना, उजळ पट्टे किंवा ठिपके उमटतील. काचेतला कोंडलेला ताण त्या वेळी डोळ्यांना दिसतो.

तीन, खात्रीसाठी मोटारीच्या मागच्या काचेकडे तोच गॉगल लावून सकाळी किंवा संध्याकाळी पाहावे. ती काच टफन असते. आभाळाच्या उजेडात तिच्यावर ठिपक्यांची नक्षी दिसते. ती एकदा पाहिली की नजर तयार होते.

ही परीक्षा प्रत्येक काचेची वेगवेगळी करावी. कारखान्यात बनलेल्या कित्येक पेट्यांत तळाची काच टफन आणि बाजूच्या साध्या असतात. एक साधी निघाली म्हणून बाकीच्या तशाच, असे समजू नये. शंका उरली तर भोक पाडूच नये.

काच साधी ठरली, तर पुढचे काम संयमाचे आहे. भोक मागच्या काचेत, वरच्या बाजूला घ्यावे. म्हणजे वायसर गळला तरी पाणी भोकापर्यंतच उतरेल, पेटी रिकामी होणार नाही. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढी दूर हवी. प्लंबरकडे मिळणारे टँक निप्पल आधी आणावे आणि त्याच्या मापाचे पोकळ डायमंड बिट घ्यावे. पेटी रिकामी करून, मागची काच वर येईल अशी आडवी ठेवावी. आतून चिकटपट्टी लावावी. झाडाला करतो तसे शाडूच्या मातीचे आळे करून त्यात पाणी ठेवावे, म्हणजे काच तापत नाही आणि भुकटी उडत नाही. वेग मंद ठेवावा. जोर लावू नये, मशीनच्या वजनाने काम होऊ द्यावे. शेवटच्या टप्प्यात हात आणखी हलका करावा. पाण्याजवळ वायरचे मशीन नको, चार्जिंगचे वापरावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि लहान मुले त्या खोलीत नकोत.

निप्पलला रबरी वायसर लावून हातानेच आवळावे, पान्याने नाही. मग पाणी भरून 24 तास वाट पाहावी, त्यानंतरच मासे सोडावेत. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे 190 लिटर, म्हणजे 190 किलो पाणी मावते. एवढा भार घरात फुटला तर काय होईल, याचा विचार विक्री करणाऱ्याने आधी करावा. अशा पेटीत पाणी भोकाच्या वर एक इंच असेल, तर वीज गेल्यावर साडेदहा लिटरच्या आसपास पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत मोकळी हवी. पाणी चढवणाऱ्या नळीलाही पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे ती उलटा सायफन करणार नाही.

आणि भंगारातली काच टफन निघाली तर? ती वाया गेली असे मानू नये. आहे त्या मापात टीपॉयला, फळीला किंवा पेटीच्या झाकणाला ती उत्तम आहे. पेटीसाठी मात्र काचवाल्याकडून नवी साधी काच मापात कापून घ्यावी. टफनच हवी असेल तर भोकांचे माप आधी द्यावे आणि भोक पाडूनच ती भट्टीत पाठवायला सांगावे.

पत्रलेखक बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे, की मुलाचा बेत चांगला आहे, त्याला मोडता घालू नका. पहिली पेटी नव्या साध्या काचेची करा. पहिले भोक काचवाल्याकडे पडणाऱ्या टाकाऊ तुकड्यावर पाडून हात बसवा. मग गिऱ्हाइकाला पेटी देताना कोणती बाजू टफन आणि कोणती साधी, हे लिहून द्या. ज्याच्या घरी ती जाईल, त्याच्या मुलाने उद्या ड्रिल हातात घेतले, तर तो कागद त्याच्या उपयोगी पडेल.