तिच्याशी मराठीतच बोला

"काकू, मी येते," म्हणत ती चपला घालून जिना उतरली, तेव्हा मला फार बरं वाटलं. महिन्यापूर्वी हेच वाक्य मी बोलले होते, तेव्हा ती दारातच थांबून राहिली होती. येते म्हणाल्या आणि निघून कशा गेल्या? 'जाते' म्हणायचं नसतं, परत येणार असं सांगूनच उंबरा ओलांडायचा असतो, हे मी तिला संध्याकाळी समजावलं. त्यानंतर ती दूध आणायला निघाली तरी 'येते' म्हणते.

ती पोलंडची. मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत शिकायला आली आणि आमच्याकडे राहिली. ही संस्था १९७५ साली सुरू झाली. तेव्हापासून देशोदेशीचे विद्यार्थी आमच्या भागात येऊन राहतात आणि पुणं शिकतात.

हे शिकणं बघण्यासारखं असतं. सव्वासात, साडेसात, पावणेआठ तिने एका दुपारी पाठ केलं. मग त्याच चालीवर 'साडेएक' आणि 'साडेदोन' स्वतः तयार केलं. नियमाने तिचंच बरोबर होतं! दीड आणि अडीच तिने वहीत लाल शाईने लिहून घेतलं. पुढे बेकरीत गेली, तर तिथे पाव किलो खारीच्या शेजारी लादीचा पाव. शनिवार पेठेत शनिवारीच बाजार भरत असेल, असं समजून ती आठवडाभर थांबली होती. आणि पंधरा दिवसांत तिला भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, इस्त्रीवाला दादा मिळाला. "इथे नातेवाईक लवकर होतात," म्हणाली.

एके दिवशी मात्र भाजी घेऊन आली ती चेहरा पाडून. मंडईत तिने नीट विचारलं होतं, "कोथिंबिरीची जुडी केवढ्याला?" उत्तर आलं, "थर्टी रुपीज." दुसऱ्या गाळ्यावर तेच. दुकानात, रिक्षात तेच. "काकू, माझं मराठी कळत नाही का?"

कळलं होतं, म्हणूनच तर भाव सांगितला. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुणीला त्रास नको, एवढीच भावना. पण तिने महिनाभर जुळवलेलं वाक्य आपण असं बाजूला सारतो आणि तिला पुन्हा परकी करून टाकतो. आपली ही अदब मला खुपते.

ही योग संस्था उभारणारे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा १८ वर्षांचे होते. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. सहा महिन्यांसाठी आलेला तो तरुण इथलाच झाला. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन मराठी शिकल्या, फलटणला राहिल्या, तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली. फलटणकरांच्या त्या मॅक्सीन मावशी झाल्या. या दोघांच्याही पहिल्या अडखळत्या वाक्यांना कुणीतरी मराठीत उत्तर दिलं असणार. त्याशिवाय भाषा येत नाही.

हे फक्त परदेशी पाहुण्यांपुरतं नाही. सोसायटीच्या दारात उभा असलेला बिहारचा रखवालदार, पार्लरमधली ईशान्येकडची मुलगी, यांच्याशी आपण पहिल्या शब्दापासून हिंदीत बोलतो. वर्षानुवर्षं बोलतो. मग त्यांना मराठी येत नाही म्हणून कुरकुर करतो. त्यांना मराठी यायची कुठून? दरडावून भाषा येत नाही. दारी आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो, तशीच भाषाही द्यायला हवी.

आमच्या कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशी अशी भाषा देतात. परवा आमच्या पाहुणीने मोगऱ्याचा 'दोन गजरा' मागितला. मावशींनी पुडी बांधता बांधता सांगितलं, "एक गजरा, दोन गजरे. म्हण बघू." हिने म्हटलं. मागच्या गिऱ्हाइकानेही कौतुकाने मान डोलावली. घरी आल्यावर हिने गजऱ्यांआधी ते वाक्य मला दाखवलं.

उद्या तुम्हाला कुणी अडखळत "किती झाले?" विचारलं, तर "तीस रुपये" म्हणा. नाहीच कळलं, तर तीन बोटं दाखवा आणि पुन्हा म्हणा, "तीस."