चित्रांची कैफियत

चित्रकलेच्या पदवीचे अखेरचे वर्ष संपत आले, की विद्यार्थ्यांच्या घरी पलंगाखालची, माळ्यावरची आणि कपाटामागची चित्रे धूळ झटकून बाहेर निघतात; कारण मुंबई, बडोदे, शांतिनिकेतन किंवा परदेशातील एखाद्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज करावयाचा, तर त्यासोबत साधारणतः पंधरा-वीस कलाकृतींचा संच, ज्याला आता सर्वजण पोर्टफोलिओच म्हणतात, तो मुदतीत सादर करावा लागतो. असे संच सल्ल्यासाठी माझ्याकडेही येतात, आणि ते चाळताना वारंवार वाटते, की या मुलांना चित्र काढण्यास शिकविणारे पुष्कळ भेटले, परंतु काढलेले चित्र बाजूस ठेवण्यास शिकविणारा क्वचितच कोणी भेटला असावा.

संचाचे स्वरूप ठरलेले असते. दोन व्यक्तिचित्रे, नाशिकच्या किंवा वाईच्या घाटाची तीन निसर्गचित्रे, एक स्थिरचित्र, चार रचनाचित्रे, आणि हेही आपणांस येते हे कळावे म्हणून शेवटी दोन अमूर्त चित्रे! या सर्वांत हात सफाईदार असतो, पण तो एकाच माणसाचा आहे याची खातरजमा मात्र होत नाही.

याचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी जे.जे. कलाशाळा उभी राहिली, तिच्या आरंभीच्या हेतूंत कारागिरांचा हात घडविणे हा मुख्य होता. आणि शाळकरी वयात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांना बसून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती अशा एकेका विषयाचा कागद वेळेत पुरा करून देणारा आपला विद्यार्थी वयाच्या बाविसाव्या वर्षीही मनाने त्याच बाकावर बसलेला असतो. त्या शिस्तीची मी निंदा करीत नाही, कारण तिच्यामुळेच हजारो खेडोपाडीच्या मुलांच्या हाती प्रथम ब्रश आला. पण पदव्युत्तर वर्गाची निवडसमिती ज्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असते, तो या परीक्षांत कधी विचारलाच जात नाही. या विद्यार्थ्याला दोन वर्षे एकांत, जागा आणि मार्गदर्शन दिले, तर तो कशाच्या मागे लागेल, हा तो प्रश्न होय.

पूर्वी गावाने किंवा घराण्याने आपल्या हक्कांचा इतिहास क्रमवार लिहून सरकारदरबारी दाखल करावा, त्यास कैफियत म्हणत. पोर्टफोलिओ ही चित्रांनी मांडलेली कैफियतच असून, दाव्यास लागू नाही असा मजकूर तीत जितका अधिक, तितका दावा दुबळा होतो.

गेल्या वर्षी इचलकरंजीकडील एका विद्यार्थ्याने आणलेली चकचकीत तैलचित्रे पाहून झाल्यावर त्याच्या पिशवीतील वही मी सहज मागून घेतली, तेव्हा रात्रपाळीला वडिलांचा डबा पोचविताना बॉलपेनने केलेली यंत्रमागांची साठ-सत्तर रेखाटने तीत निघाली. आणि ती संचात का नाहीत असे विचारता, "सर, ती पूर्ण झालेली नाहीत," असे उत्तर मिळाले. त्याच्या ठायी चित्रकार आहे याचा दाखला नेमका त्याच पानांत होता.

कौशल्यही तपासले जाते, तेव्हा तुटपुंजा संच धोक्याचा, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु कौशल्य एका जाणत्या रेखाटनात दिसते; त्यासाठी आठ साक्षीदार उभे करावे लागत नाहीत. १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे उत्तरायुष्यात वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे करीत, आणि त्यांच्या थोरवीस त्या अल्पतेने बाध आला नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. आता चित्रे बहुधा पडद्यावर पाहिली जातात, आणि तेथे सहा फुटी कॅनव्हास व तळहाताएवढे एचिंग एकाच मापाचे दिसते. म्हणून प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार व वर्ष लिहावे, आणि छायाचित्र फ्लॅश न वापरता, सारख्या पसरलेल्या उजेडात, कॅमेरा चित्राशी समांतर धरून घ्यावे. दुसरे असे, की सोबतचे निवेदन आधी आपल्या बोलीत लिहावे आणि मग त्याचे इंग्रजी करावे. पैसे घेऊन संच आणि निवेदन दोन्ही तयार करून देणारे वर्ग हल्ली निघाले आहेत. पण अंतर्मन, अस्मिता आणि प्रवास हे शब्द तेथून इतक्या मुलांच्या अर्जांत वाटले जातात, की वाचणाऱ्यास अर्जदार नव्हे, वर्ग ओळखू येतो.

कलाशिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की अखेरच्या वर्षाच्या सबमिशनांत एक दिवस असा राखावा, ज्या दिवशी विद्यार्थ्याने आपली तीस चित्रे भिंतीशी मांडावीत, त्यांतील पंधरा स्वतःच्या हाताने उचलून बाजूस ठेवावीत, आणि ती का ठेवली हे सर्वांसमक्ष सांगावे. गुण द्यावयाचे ते त्या सांगण्याला द्यावेत.