आकाशातील नद्या आणि मंडळातील पर्जन्यमापक

पावसाळा लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात दोन प्रश्न हमखास कानी पडतात. भंडारदरा धरण किती भरले? आणि पठारावर पाऊस केव्हा येणार? पहिल्याचे उत्तर आनंदाचे असताना दुसऱ्याचे निराशेचे असू शकते, कारण अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडी परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर थोड्याच अंतरावर पूर्वेकडे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पाचशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते.

या पावसाच्या अभ्यासात अलीकडे ‘वातावरणीय नदी’ ही संज्ञा वारंवार भेटते. समुद्रावरून उठलेली वाफ कधी कधी सर्वदूर न पसरता हजारो किलोमीटर लांबीच्या, त्या मानाने अरुंद अशा पट्ट्यातून वाहू लागते. ही नदी डोळ्यांना दिसत नाही. डोंगर आडवा आला की वाफ वर चढते, थंड होते आणि पाऊस होऊन कोसळते. गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५१ ते २०२० या काळातील अशा ५९६ मोठ्या घटना नोंदवल्या. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबरमधील होत्या. १९८५ ते २०२० मधील देशातील सुमारे ७० टक्के मोठ्या पुरांशी या प्रवाहांचा संबंध त्यांना आढळला.

तथापि येथे सावधगिरी हवी. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा हाच मुळी वाफेचा महाप्रवाह आहे. कॅलिफोर्नियात ज्या मोजपट्टीने ‘नदी’ ठरते तीच अरबी समुद्राला लावली, तर पावसाळ्यातील बहुतेक दिवस नदीचेच ठरतील. म्हणून किती वाफेला नदी म्हणावे, याविषयी शास्त्रज्ञांतही एकमत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी-शेवगाव भागात झालेला हाहाकार आणि सीनेने खाली सोलापूर जिल्ह्यापर्यंत केलेली हानी यांमागे बंगालच्या उपसागरातून आलेली कमी दाबाची क्षेत्रे होती. प्रत्येक पुराला हे नवे नाव चिकटवणे योग्य नव्हे.

ही तपासणी आज शक्य होते ती ईआरए-५ सारख्या माहितीसंचांमुळे. युरोपीय हवामान केंद्राने उपग्रह, जहाजे, फुगे आणि वेधशाळा यांच्या नोंदी संगणकीय प्रारूपात गुंफून १९४० पासूनच्या प्रत्येक तासाचे जागतिक हवामान त्यात उभे केले आहे. त्याचा आकार पेटाबाइटमध्ये मोजतात. पूर्वी एवढी माहिती उतरवून घेणे केवळ मोठ्या संस्थांना परवडे. आता ती क्लाऊडवर आहे, म्हणजे दूरच्या संगणकांवर साठवलेली आहे आणि गणितही तेथेच करता येते. प्रवरानगरच्या एखाद्या विद्यार्थ्याला साधा संगणक आणि इंटरनेट एवढ्यावर सत्तर-ऐंशी वर्षांतील वाफेचा प्रवास तपासता येईल. (या ‘क्लाऊड’चा ढगांशी काही संबंध नाही. तो जमिनीवरच्या इमारतींत असतो आणि वीज व पाणी दोन्ही भरपूर पितो.)

अडचण पुढेच आहे. ईआरए-५ चा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. त्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर सपाट होऊन जाते. घाटमाथा आणि पठार यांची जी सरासरी निघते ती घाटमाथ्याचीही नसते आणि पठाराचीही नसते. समुद्रावरून वाफ किती आली हे तो चौकोन चांगले सांगतो, पण कोणाच्या बांधावर किती पडले हे त्याला सांगता येत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र बांधाचाच आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी. मंडळात अनेक गावे आणि केंद्र बहुधा एकच. एका गावात ढग फुटावा आणि केंद्रावर पन्नास मिलिमीटरची नोंद व्हावी, यात अशक्य काहीच नाही. मग मदतीच्या यादीत नाव यावे म्हणून तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणे आले. उपग्रहांवर आणि संगणकांवर एवढा खर्च होत असताना गावोगावी पर्जन्यमापक नसावे, हे आमच्या मते अक्षम्य आहे.

मोजण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाच्या नोंदी पाहून, पाण्याचा ताळेबंद मांडून, पिके ठरवते. येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी येथील डोंगरउतारांवर पाणलोटाचे काम उभे केले आणि त्यातून १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. या संस्थेने पुढे संगमनेर-अकोले परिसरातील गावांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवून शेतकऱ्यांना पीकसल्ला देण्यास आरंभ केला. अशा नोंदी ईआरए-५ शेजारी ठेवल्या, तर चौकोनाची सरासरी कोणत्या गावी किती चुकते हे वर्षागणिक कळत जाईल.

धर्मग्रामांच्या शाळांनाही हे जमेल. साधे काचेचे वा फायबरचे पर्जन्यमापक, झाडा-भिंतीपासून दूर मोकळी जागा आणि एक वही एवढे पुरे. भारतीय हवामान खात्याची नोंदीची वेळ सकाळी साडेआठची आहे, तीच पाळावी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना कोरा ठेवू नये. कोरा रकाना पाहून पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.