दांपत्य एक, हक्क दोन

अलिबागची इस्राएल आळी आणि तेथील, १८४८ मध्ये स्थापन झालेले ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनामंदिर रायगडकरांना अपरिचित नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचा घाणा चालविणारा व शनिवारी तो बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. किहीमचे ते केहिमकर, पेणचे ते पेणकर, अशी कोकणी आडनावे त्याने धारण केली. १९४८ नंतर यांपैकी बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, यावरून ओढ कळावी.

या स्थलांतरास आधार मिळाला तो १९५० च्या ‘परतीच्या कायद्याचा’. जगातील कोणाही ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्याने दिला. १९७० मध्ये दुरुस्ती होऊन हा हक्क ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि या सर्वांचे पती अथवा पत्नी यांनाही मिळाला. दांपत्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

समजा, थळचे एक जोडपे आहे. पतीचे वडील बेने इस्राएल, आई हिंदू, पत्नीही हिंदू. पती हा ज्यू पित्याचा पुत्र म्हणून हक्कदार ठरतो आणि पत्नी त्याची विवाहित सहचारिणी म्हणून. दोघे एकत्र गेल्यास दोघांनाही याच कायद्याने नागरिकत्व मिळू शकते. मात्र त्याचाच धाकटा भाऊ अविवाहित असताना आधी गेला, तेथील नागरिक झाला आणि मग अलिबागला येऊन विवाह करून परतला, तर त्याच्या पत्नीला हा सरळ मार्ग उरत नाही. तिला देशीकरणाच्या टप्प्याटप्प्यांच्या प्रक्रियेतून जावे लागते. चार-पाच वर्षे परवान्याची मुदत वाढवीत राहायचे आणि प्रत्येक वेळी संसार खरा असल्याचे दाखवायचे. सामाईक बँक खाते, घरभाड्याचा करार, असे पुरावे द्यायचे. दोघी सख्ख्या जावा. लग्न प्रयाणाच्या आधी झाले की नंतर, एवढ्यावरून त्यांच्या वाटा निराळ्या होतात.

वंशाचा पुरावा कशाने द्यायचा, हाही प्रश्न असतोच. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजी-आजोबांचा ‘कतुबा’ म्हणजे हिब्रू विवाहलेख, जन्मनोंदीचे उतारे, ही कागदपत्रे कोकणातल्या दमट हवेत, पत्र्याच्या पेटीत टिकली असतील तर भाग्य. नावांची अक्षरे दोन कागदांवर निराळी असली की प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. कोकणात कूळ पित्याकडून चालते आणि ‘कर’ लावलेले आडनाव मुलाला बापाकडून मिळते. ज्यू धर्मशास्त्र मात्र वंश मातेकडून मोजते. म्हणजे वरील उदाहरणातील पती इस्रायलचा नागरिक होईल, पण धर्मपीठाच्या दृष्टीने ज्यू ठरणार नाही. तेथे नोंदणी पद्धतीने विवाह करण्याची सोय नाही, विवाह धर्मपीठांच्याच हाती आहे. त्यामुळे या जोडप्याच्या मुलीला उद्या ज्यू मुलाशी लग्न करायचे झाल्यास धर्मांतर करावे लागेल किंवा सायप्रससारख्या परदेशात जाऊन विवाह उरकावा लागेल. १९६२ मध्ये तर धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांपूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. समाजाने तीव्र आंदोलन केले, संसदेला लक्ष घालावे लागले आणि १९६४ मध्ये तो आदेश बदलावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांवर ही वेळ यावी, हे अन्यायाचेच होते.

आता आपल्या देशाची बाजू. परतीच्या कायद्याने येणाऱ्यास इस्रायल जुने नागरिकत्व सोडावयास सांगत नाही, म्हणून पुष्कळांची समजूत होते की भारतीय पारपत्रही ठेवता येईल. तसे नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळ्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. पारपत्र जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते, परंतु ते नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क राहत नाही. बचत खाते साध्या स्वरूपात ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात रूपांतरित करावे लागते; बँकेला न कळविता ते तसेच चालविणे हा परकीय चलन कायद्याचा भंग आहे. ओसीआयधारकास शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. आणि अशी जमीन पुढे विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते.

आपल्या उदाहरणातील पतीच्या वडिलोपार्जित नारळ-सुपारीच्या वाडीचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर वारसनोंदीचा फेरफार प्रयाणापूर्वी मंजूर करून घेणे इष्ट. तेल अवीवहून मुखत्यारपत्र पाठवून तलाठ्याच्या कार्यालयातील काम करता येते, पण एका सहीला तीन महिने लागतात आणि तोवर भाऊबंद वाडीतले नारळ उतरवून मोकळे होतात.