नुसत्या इच्छेने नळाला पाणी येत नाही

सकाळी तीनदा, दुपारी सहा वेळा आणि रात्री झोपण्यापूर्वी नऊ वेळा एकच वाक्य वहीत लिहायचे. 'मला ती नोकरी मिळाली आहे', 'माझे घर झाले आहे', 'माझा आजार बरा झाला आहे'. वाक्य वर्तमानकाळात हवे आणि मनात शंका नको. मग म्हणे अवघे विश्व आपल्या बाजूने कामाला लागते. 'तीन-सहा-नऊ' नावाची ही पद्धत मोबाइलवरच्या रिल्समधून आता मराठी घरांतही पोहोचली आहे. स्वप्नातल्या घराची, गाडीची, सडपातळ शरीराची चित्रे चिकटवलेला 'व्हिजन बोर्ड' हा तिचाच भाऊ. या सगळ्याचे नाव मॅनिफेस्टेशन. केम्ब्रिज शब्दकोशाने तर २०२४ चा शब्द म्हणून 'मॅनिफेस्ट'चीच निवड केली होती.

यात कुणाला हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या हातात फारसे काही उरलेले नसते, तो मनाचा आधार शोधतो. दहा ठिकाणी अर्ज करून थकलेला पदवीधर असो की केमोथेरपीच्या रांगेत बसलेले कुटुंब, त्यांना आशा हवी असते. प्रश्न एवढाच, की हा आधार वजन पेलतो का? त्याच्या जोडीला हल्ली आणखी एक सल्ला येतो: 'दुसऱ्यांसाठी करा, करुणा ठेवा, म्हणजे तुमचेही इच्छित पूर्ण होईल.' त्यात तथ्य किती? या प्रश्नांचे अर्धे उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगांत आहे, तर उरलेले अर्धे मुंबईच्या गोरेगावात, साठ वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या लढ्यात सापडते.

गोड चित्राची किंमत

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी हा विषय तीन दशकांहून अधिक काळ अभ्यासला आहे. १९९१ मध्ये त्यांनी व थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या उपक्रमात दाखल झालेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा भरवसा असलेल्या स्त्रियांचे वजन जास्त उतरले. पण आपण बारीक झालो आहोत, लोक कौतुक करत आहेत, अशी गोड दृश्ये मनात रंगवणाऱ्यांचे वजन वर्षभरात तुलनेने कमी उतरले. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. भरवसा बहुधा मागच्या अनुभवावर उभा असतो, दिवास्वप्नाला तसा पाया लागत नाही.

असे का व्हावे? २०११ मध्ये हेदर कॅप्स आणि ओटिंगेन यांनी प्रयोगातून दाखवले, की इच्छा पूर्ण झाल्याचे चित्र रंगवल्यावर माणसाचा जोम ओसरतो. वरच्या रक्तदाबाच्या मोजमापातही ही घट दिसली. मनाने फळ आधीच चाखलेले असते, मग झाडावर चढायला शरीर कशाला तयार होईल? १९९९ मधला लिएन फाम व शेली टेलर यांचा विद्यार्थ्यांवरचा प्रयोगही हेच सांगतो. परीक्षेपूर्वी काही दिवस रोज काही मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे चित्र पाहणाऱ्यांपेक्षा, आपण अभ्यासाला बसलो आहोत असे चित्र पाहणाऱ्यांना चांगले गुण मिळाले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये मांडले. मॅनिफेस्टेशनवर गाढ विश्वास असणारे स्वतःला अधिक यशस्वी समजत होते. मात्र जोखमीच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढा जास्त होता आणि दिवाळखोरी अनुभवलेलेही त्यांच्यात अधिक होते. विश्वासामुळेच दिवाळे निघाले, असे यावरून म्हणता येत नाही. तरी क्लासची भरमसाट फी भरण्यापूर्वी थांबून विचार करायला एवढे पुरेसे आहे.

मग चालते काय? इच्छेच्या शेजारी अडथळा मांडणे. 'मला रोज चालायचे आहे' या वाक्यानंतर लगेच 'पण संध्याकाळी घरी आलो की सोफ्यावर आडवा होतो' हे मान्य करणे आणि पुढे 'घरी आलो, तर आधी चप्पल न काढता खाली एक फेरी मारेन' असे 'जर-तर' ठरवणे. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. कधी, कुठे, कसे हे आधीच ठरवणाऱ्यांचे ध्येय गाठण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक होते. 'शंका नको' हा मॅनिफेस्टेशनचा पहिला नियम नेमका इथेच आड येतो. अडथळ्याचे नाव घेणे म्हणजे नकारात्मक विचार, असे तो शिकवतो.

गोरेगावचा हंडा

आता गोरेगावकडे वळू. इथल्या एका उड्डाणपुलाला मृणालताई गोरे यांचे नाव आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना ते नाव फलकापुरतेच ठाऊक असेल. १९२८ मध्ये जन्मलेल्या मृणाल मोहिले वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातून त्यांनी ते शिक्षण सोडले आणि पूर्णवेळ सामाजिक काम पत्करले. १९४८ मध्ये केशव तथा बंडू गोरे यांच्याशी लग्न झाले आणि गोरेगाव ही दोघांची कर्मभूमी झाली. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. तिशीतल्या मृणालताईंच्या पदरात तेव्हा लहान मुलगी होती. बंडूंच्या स्मरणार्थ गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला आणि १९६१ मध्ये मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

गोरेगाव तेव्हा महापालिकेत नुकतेच आले होते. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, पण पाणी मात्र हद्दीच्या वेगाने आले नाही. वस्ती वाढत होती आणि बायकांचा दिवस हंड्याभोवती फिरत होता. या बायकांना संघटित करून मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न इतका लावून धरला, की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हेच नाव दिले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच वर्षी महागाईविरोधात मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या आंदोलनाच्या आघाडीवरही त्या होत्या. आणीबाणीत तुरुंगवास झाला आणि १९७७ मध्ये याच पाणीवाल्या बाई लोकसभेत पोहोचल्या.

या कथेत इच्छाशक्ती होतीच. पण तिची रचना रिल्समधल्या मॅनिफेस्टेशनपेक्षा निराळी होती. 'पाणी आले आहे' असे कुणी वहीत लिहिले नाही, 'पाणी येत नाही' हे चारचौघांत मोठ्याने सांगितले. अडथळा कुठे आहे, कुणाच्या सहीवाचून काम अडले आहे, हे शोधले. पुढचे पाऊल कोणते, ते ठरवले. प्रयोगशाळेत पुढे सिद्ध झालेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे इच्छा, अडथळा आणि ठरवलेली कृती, इथे आधीच होत्या. शिवाय चौथी गोष्ट होती, ती म्हणजे शेजारीण. जलवाहिनी एकट्या घरासाठी येत नाही. माझ्या घरी नळ हवा असेल, तर वस्तीलाच नळ मागावा लागतो. इथे स्वतःचे ध्येय आणि दुसऱ्याची सेवा वेगळी काढता येत नाही. पुढे नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून बाबूराव सामंत यांच्यासह त्यांनी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांहून अधिक परवडणारी घरे उभी करण्याचा प्रकल्प तडीस नेला, त्याचेही सूत्र हेच होते.

मोरोक्कोतील टँजियर शहरात झालेला एक अभ्यास या जागी आठवावा. तिथे सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या कुटुंबांना घरात जोडणी घेण्यासाठी मदत देण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाण्यातून होणारे आजार त्यामुळे घटले नाहीत, कारण सार्वजनिक नळाचे पाणीही स्वच्छच होते. उत्पन्नही वाढले नाही. पण वेळ वाचला, पाण्यावरून होणारी भांडणे कमी झाली आणि माणसे आयुष्याबद्दल अधिक समाधानी झाली. 'आधी मन बदला, मग परिस्थिती बदलेल' असे सतत ऐकवले जाते. परिस्थिती बदलली की मनही बदलते, हे कुणी फारसे सांगत नाही.

सेवेचा लाभ कुणाला?

दुसऱ्यासाठी काही केल्याने करणाऱ्याचे आरोग्य सुधारते का? व्हँकुव्हरमध्ये दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाने लहान मुलांना शिकवण्या-खेळवण्याचे काम आठवड्यातून एकदा, असे सुमारे दोन महिने केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांचे कोलेस्टेरॉल, वजन आणि शरीरातील दाह दाखवणारा एक घटक तुलनेने कमी आढळला. ज्यांच्यात दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची वृत्ती सर्वाधिक वाढली, त्यांच्यात हा फरकही मोठा होता. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे तेरा हजार जणांच्या पाहणीत, वर्षाला किमान शंभर तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. मुळात धडधाकट असलेलेच सेवेला बाहेर पडतात, ही शंका अशा पाहण्यांबाबत उरतेच. संशोधकांनी आधीची प्रकृती हिशेबात धरली होती, तरीही.

यातली सर्वात बोलकी बाब २०१२ च्या एका अभ्यासात आहे. सारा कोनरॅथ आणि सहकाऱ्यांना आढळले, की इतरांसाठी म्हणून स्वयंसेवा करणारे वृद्ध अधिक जगले. स्वतःचा फायदा हा हेतू धरून तेच काम करणाऱ्यांना मात्र हा लाभ दिसला नाही. 'करुणा ठेवा, विश्व परत देईल' हा सौदा इथेच फसतो. परतफेडीचा हिशेब मांडून केलेल्या सेवेतून निदान आयुष्य तरी वाढत नाही, असे आकडे सुचवतात.

मात्र सेवेच्या नावाखाली एक अन्यायही चालतो, त्याकडे डोळेझाक नको. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवरची छोटी जखम भरायला किती दिवस लागतात, हे मोजले. तशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आठवड्यातले दोन तास स्वखुशीने देणे वेगळे आणि पाळी बदलायला कुणी नसताना चोवीस तास उशाशी बसणे वेगळे. आपल्याकडे ही दुसरी सेवा बहुतेक वेळा सुनेच्या, लेकीच्या किंवा बायकोच्या वाट्याला येते आणि वर 'पुण्य मिळेल' असेही तिलाच ऐकवले जाते. घरात खरी करुणा असेल, तर आठवड्यातून दोन रात्री तिची पाळी दुसऱ्याने घ्यावी.

आजाऱ्याच्या माथी दोष नको

मॅनिफेस्टेशनचा सर्वात क्रूर भाग रुग्णालयात दिसतो. विचारांनी यश येते असे मानले, की अपयशही विचारांमुळेच आले असे मानावे लागते. मग कर्करोगाच्या रुग्णाला जवळचेच लोक म्हणतात, 'तू नकारात्मक विचार करतोस, म्हणून औषध लागू पडत नाही.' २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. रुग्णाची मनःस्थिती आणि तो किती काळ जगला, यांत त्यांना संबंध आढळला नाही. रुग्णाचे मन जपायलाच हवे, कारण उरलेला प्रत्येक दिवस सुसह्य व्हायला हवा. पण रडण्याचा, घाबरण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेऊ नये. आणि वाक्ये लिहिण्यात तपासणीची तारीख तर मुळीच टळू नये.

वैद्यकीय शिक्षण सोडलेल्या मृणालताईंनी १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानाविरोधात विधानसभेत अशासकीय विधेयक आणले. महिला संघटना आणि डॉक्टरांची मोहीम त्यामागे उभी होती. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याबाबतचा देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. 'मुलगी नको' ही मनोवृत्ती बदलण्याची वाट पाहत कुणी थांबले नाही. मनावरही काम झाले आणि नियमावरही.

वही ठेवायची असेल, तर जरूर ठेवावी. मात्र एकच वाक्य दिवसातून अठरा वेळा लिहिण्याऐवजी चार ओळी एकदाच लिहिल्या तरी पुरे. मला काय हवे आहे? आड काय येते आहे? ते आड आले, तर मी नेमके काय करेन? आणि हेच आणखी कुणाला हवे आहे? चौथ्या ओळीचे उत्तर बहुधा त्याच इमारतीत, त्याच चाळीत मिळते. ते मिळाले, की वही मिटून शेजारचे दार वाजवावे.