जलाशयाआधी मातीची पाहणी

गेल्या वैशाखात पैठण तालुक्यातील एका शेतात, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर, मालकाने माझ्यासमोर पुरुषभर खोल खड्डा खणविला. वर जमीन इतकी भेगाळलेली होती की भेगेत घातलेला हात कोपरापर्यंत सहज गेला. परंतु हातभर खाली माती चिवट आणि तुकतुकीत होत गेली, पुढे चुनखडीचे खडे लागले, आणि मुरूम उघडा पडण्यापूर्वीच खड्ड्याच्या कडेने मचूळ पाणी पाझरू लागले. याच शेतात त्याच्या आजोबांच्या काळी रब्बीची ज्वारी डोक्याएवढी वाढत असे. आज शेताच्या एका कोपऱ्यावर पांढरा थर धरतो आणि गावकरी त्या तुकड्यास चोपण म्हणतात.

आमच्या मराठवाड्याची काळी माती बेसाल्टाच्या खडकापासून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळताच फुगतात आणि ते आटताच आकुंचन पावतात, म्हणून पहिले पाणी भेगांतून झपाट्याने आत शिरते. पण भेगा मिटल्या की तीच जमीन पाण्याचा मार्ग रोखून धरते, वाफसा लांबतो, मुळांचा श्वास कोंडतो, आणि खालचे क्षार उन्हाच्या ओढीने पृष्ठभागावर येतात. पावसाची ओल धरून ठेवणारा जो गुण जिराईत शेतकऱ्यास वरदान होता, तोच बारमाही उसाच्या पाळ्यांखाली शाप ठरतो. सातबाऱ्यावर जिराईत, बागाईत आणि पोटखराबा यांची नोंद असते. माती किती खोल आहे आणि तिच्यातून पाणी कसे उतरते, हे तो दस्तऐवज सांगत नाही.

१९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी ज्याची कोनशिला बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी ज्याचे लोकार्पण केले, त्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाखाली सुमारे ३५,००० हेक्टर जमीन गेली. तीत पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीने घातलेल्या गाळाची भारी जमीनही होती. तिच्या मोबदल्यात २०८ किलोमीटरांचा डावा आणि १३२ किलोमीटरांचा उजवा कालवा आला. या पाण्याने शहरांची तहान भागविली, उद्योग उभे केले, आणि त्याचे ऋण मी मान्य करतो. परंतु भारी जमिनीला पाणी देण्याची जितकी घाई आपण केली, तितकी त्याच्या निचऱ्याची चिंता कधी केली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चूक आपल्या प्रांतात नवी नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागल्यावर त्या खोऱ्यातील जमिनी पाणथळ आणि खारवट होत गेल्या, आणि १९१० साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हाणे यांच्या सहकार्याने त्या क्षारजमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलेला हा अनुभव पाटबंधाऱ्याच्या प्रत्येक दप्तरात प्रकल्पाच्या पहिल्या कागदावर असावयास हवा होता.

पश्चिमेकडे समुद्रास मिळणारे पाणी गोदावरी खोऱ्यात वळविण्याचा विचार शासनाने उघडपणे मांडलेला आहे. तेव्हा नव्या साठवणीच्या, नव्या बुडिताच्या आणि नव्या कालव्यांच्या रेषा नकाशावर उमटणार, हे उघड आहे. त्या रेषा पक्क्या होण्यापूर्वी बुडणाऱ्या आणि भिजणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या गावांच्या शिवारात खड्डे खणून मातीचे थर, खोली, चुनखडी आणि क्षार यांची नोंद व्हावी, कोणती जमीन बारमाही पाण्यास अपात्र आहे हे शेतकऱ्यास त्याच्या गट क्रमांकासह आधीच कळावे, आणि निचऱ्याच्या चरांचा खर्च कालव्याच्या अंदाजपत्रकातच धरला जावा.

या कामास लागणारी विद्या परकी नाही. पैठण रस्त्यावर कांचनवाडीजवळ १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था उभी आहे, आणि तिच्या नावातच पाण्याशेजारी भूमी आहे. पाटबंधारे खात्याने पहिली मोजणी करण्याआधी या संस्थेच्या माणसांना फावडे घेऊन शिवारात पाठवावे, आणि त्यांचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, अशी माझी या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना कळकळीची विनंती आहे.